सातवा छर्रा

"पाय काढा! डॉक्टर, आधी पाय काढा!"

डॉक्टरांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडी चढावर मधोमध मंदावली. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून आपलं मत नोंदवलं आणि शेजारून पुढे निघून गेला. मास्तर पुढे वाकून काचेपलीकडे बघत होते. बॉनेटच्या मागच्या काठावर, वायपरच्या शेजारी, बशीएवढं एक गेज बसवलेलं होतं. त्याचा काटा तीनवर होता. सपाटीवर तीनवर होता, चढ लागल्यावर तीनवर होता, सुपरचार्जर केकाटायला लागला तेव्हाही तीनवरच होता.

"किती हवं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"साडेतीन. सुपरचार्जरनं हवा कोंबली की साडेतीन."

"म्हणजे अर्ध्याचाच प्रश्न आहे."

"त्या अर्ध्यात पिस्टनला भोक पडतं, डॉक्टर."

डॉक्टर दातांचे होते. भोक हा शब्द त्यांना नवा नव्हता. "पडलं तर भरता येत नाही का?"

"पिस्टनचं नाही येत."

"मग काढून टाकायचा," डॉक्टर समजुतीने म्हणाले आणि गाडी हळूहळू वळवून गॅरेजकडे घेतली.

मास्तर काट्याकडेच बघत राहिले. ते गोंधळले होते. लोक दिवसातून चारदा गोंधळतात आणि त्यांना त्याची सवय असते. मास्तरांना एकतीस वर्षांत इंधनाच्या बाबतीत गोंधळायची वेळ आली नव्हती, त्यामुळे हे कसं करतात हेच त्यांना माहीत नव्हतं.

गॅरेजात त्यांचं पूर्ण नाव प्रेशरमास्तर. पेट्रोल टाकीतून निघतं आणि इंजिनात जाऊन जळतं, तेवढा रस्ता त्यांचा. पंप, नळ्या, फिल्टर, इंजेक्टर, दाब. त्यापलीकडच्या गाडीशी त्यांचा संबंध नव्हता. कुणी ब्रेकबद्दल विचारलं तर "ते माझ्याकडे नाही" असं ते सरकारी खिडकीच्या आवाजात सांगत. पण त्या खिडकीतलं काम मात्र चोख. त्यांनी बसवलेली नळी गळली, असं त्या गॅरेजात कुणी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांची गाडी बारा वर्षांची, सभ्य, चार दारांची. तिला सुपरचार्जर लावायचं कारण डॉक्टरांचा मेहुणा. तो त्या चढाच्या माथ्यावर राहायचा, आणि दर रविवारी डॉक्टर धापा टाकत वर चढत असताना आपली नवी गाडी शेजारून पुढे काढायचा. वर हातही करायचा. हात केला नसता तर डॉक्टरांनी कदाचित एवढा खर्च केला नसता.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या तोंडात जबरदस्तीने हवा कोंबणारं यंत्र. हवा जास्त गेली की पेट्रोलही त्या मानाने जास्त जावं लागतं, नाहीतर आत आगीचा तोल जातो आणि पिस्टन वितळतो. पेट्रोलचा दाब ठरवणारा असतो रेग्युलेटर. पण इंजिनात हवा किती कोंबली जातेय हे रेग्युलेटरला आपोआप कळत नाही. ते त्याला एक बोटापेक्षा बारीक रबरी नळी सांगते. तिचं एक टोक इंजिनाच्या हवेच्या डब्याला, दुसरं रेग्युलेटरच्या डोक्याला. मास्तर तिला चहाडखोर नळी म्हणत. डब्यातली गोष्ट जशीच्या तशी रेग्युलेटरच्या कानात सांगायची, एवढंच तिचं काम.

मास्तरांनी सगळं रीतसर बसवलं होतं. रेग्युलेटरसाठी जाड पत्र्याची पट्टी कापून, धुरांड्याच्या उष्णतेपासून लांब, गाडीच्या अंगाला पक्की केली. रबरी रिंगांना तेलाचा एकेक थेंब लावला. आट्यांवर कुठेही टेप गुंडाळली नाही, कारण टेपचा कपटा सुटला की तो जाऊन इंजेक्टरमध्येच बसतो. डॉक्टरांना गेज गाडीच्या आत, रेडिओशेजारी हवं होतं.

"पेट्रोल गाडीच्या आत आणायचं नाही," मास्तर म्हणाले होते. "आत माणसं असतात."

म्हणून ते काचेबाहेर बसलं, पण कायमचं. इतर गाड्यांत मास्तर दाब लावताना गेज जोडत आणि काम झालं की काढून घेत.

दाब लावायची त्यांची एक पद्धत होती. चहाडखोर नळी रेग्युलेटरवरून काढायची, तिचं तोंड बंद करायचं, मग स्क्रू फिरवून दाब तीनवर आणायचा आणि नळी परत लावायची. नळीचं तोंड बंद करायला लोक बोल्ट घालतात, पेन्सिल घालतात, एकाने तर करंगळी घातलेली मास्तरांनी पाहिली होती. मास्तर स्टीलचा छर्रा घालत. थोरल्या मालकांनी पहिल्या दिवशी त्यांच्या हातावर ठेवलेला, कुठल्याशा बेअरिंगमधला, वाटाण्यापेक्षा जरा लहान. नळीच्या तोंडात दाबला की घट्ट बसे, मागून चिमटलं की टुपकन बाहेर येई. काम नसेल तेव्हा तो शर्टाच्या डाव्या खिशात, वर बटण लावून. खिसा रिकामा, म्हणजे छर्रा नळीत, म्हणजे काम अपुरं. खिशात छर्रा, म्हणजे नळी मोकळी, म्हणजे हात धुवायला हरकत नाही. एकतीस वर्षं हा हिशोब चुकला नव्हता.

डॉक्टरांच्या गाडीवरही तसंच झालं होतं. मध्ये फक्त एकदा डॉक्टरांनी येऊन गॅरेजचा दिवा त्यांच्या तोंडाकडे वळवून "आ करा" म्हटलं होतं, कारण बोलताना त्यांना मास्तरांची एक दाढ आवडली नव्हती.

*

गॅरेज आता थोरल्या मालकांची मुलगी चालवायची. सगळे तिला ताई म्हणत, वयाने तिच्या दुप्पट असलेले मास्तरसुद्धा. सोमवारी दुपारी तिने मास्तरांना आत बोलावलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने खुर्ची दिली.

"मास्तर, शनिवारपर्यंत बघा. नाहीतर ही गाडी कंप्युटरवाल्यांकडे पाठवू."

"पाठवा."

"आणि मग मला वाटतं, इंधनाचं सगळंच काम तिकडे पाठवावं. तुम्ही काउंटरवर बसा. किल्ल्या घ्यायच्या, किल्ल्या द्यायच्या. पगार तोच. पंखा आहे तिथे."

पंख्याचा उल्लेख मास्तरांना विशेष लागला.

पण काउंटरपेक्षा त्यांना दुसरीच भीती होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. त्यांचे दादा, म्हणजे थोरले भाऊ, शेवटची चार वर्षं त्यांच्याकडेच होते. दादांची सुरुवात अशीच साधी झाली होती. ते बाहेरून स्वतःच दाराला कुलूप लावायचे आणि मग बेल वाजवत उभे राहायचे. कुणी उघडत नाही म्हणून चिडायचे. किल्ली हातातच असायची. मास्तरांना आता बेल वाजवत उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

मंगळवारी त्यांनी रेग्युलेटर काढून त्याला हातपंपाने हवेचा दाब दिला. काटा शहाण्यासारखा वर गेला. परत बसवला. काटा तीनवर. गेज बदललं. नवं गेजही तीनच म्हणालं. पंप बदलला, फिल्टर बदलला. सुपरचार्जरबरोबर आलेला माहितीचा कागद पाच भाषांत होता आणि पाचही भाषांत एकच चित्र होतं. त्यात एक हसरा माणूस रेग्युलेटरकडे बोट दाखवत होता. मास्तरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. हा नक्की कशाला हसतोय ते कळेना.

गॅरेजचा वायरमन मदतीला आला. तो मदतीला आला की लोक आपापली हत्यारं मोजून ठेवत, पण मनाने चांगला.

"मास्तर, ती बारकी नळी बघितली का? चोंदली असेल."

मास्तरांनी शर्टाच्या डाव्या खिशाचं बटण काढलं, छर्रा बाहेर काढला आणि तळहातावर धरून वायरमनच्या नाकासमोर नेला.

"हां हां," वायरमन ओशाळून म्हणाला. "मग नळीचा प्रश्नच नाही."

"नाहीच."

"मग भूत असेल."

"भूत तुझ्याकडे. वायरिंगमध्ये असतं ते."

बुधवारी ताई स्वतः बॉनेटखाली वाकली. तिनेही विचारलं, "नळी?" मास्तरांनी खिशावर थाप मारली. आत छर्रा होता. ताईने मान हलवली. त्या गॅरेजात ती थाप म्हणजे सहीशिक्क्यासारखी होती. थोरले मालकसुद्धा त्यापुढे काही विचारत नसत.

तीन दिवसांत मास्तरांनी गाडीतलं सगळं दोनदा तपासलं, फक्त एक सोडून. ते एक तपासायचं म्हणजे खिशावर संशय घ्यायचा. खिशावर संशय घ्यायचा म्हणजे मग उरलंच काय?

*

गुरुवारी संध्याकाळी ते घरी आले, शर्ट काढून दाराच्या खुंटीला लावला आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले. खिडकीत एक बशी होती, कान तुटलेल्या कपाची. एकतीस वर्षांचा क्रम असा, की बायको शर्ट धुवायला टाकण्याआधी डाव्या खिशात दोन बोटं घालणार, छर्रा काढून त्या बशीत ठेवणार आणि सकाळी मास्तर तो उचलून नव्या शर्टात टाकणार. त्याबद्दल दोघांत कधी एक वाक्यही झालं नव्हतं.

बायकोने चहा ठेवला, साखर घातली, डबा बंद केला, मग डबा परत उघडून आत पाहिलं.

"घातली का मी साखर?"

"घातलीस."

"नक्की?"

"आता तुझंही तेच का?" मास्तर म्हणाले. म्हणजे म्हणायचं नव्हतं, निघून गेलं.

"माझं काय? आणि तेच म्हणजे काय?"

"काही नाही."

"काही नाही कसं? चार दिवस बघतेय. काल पहाटे भिंतीकडे तोंड करून काय पुटपुटत होता?"

मास्तर पाढे म्हणत होते. एकोणीसचा. दादांना त्यांच्या मेंदूच्या डॉक्टरांनी पाढे म्हणायला लावले होते आणि दादा एकोणीस सक्केपाशी अडकले होते. मास्तर अडकले नव्हते, पण आपण बरोबर म्हटला की नाही हे तपासायला दुसरं कुणी नव्हतं.

"गाडीचं गणित होतं," ते म्हणाले.

"गाडीला एकोणीसचा पाढा लागतो?"

"सुपरचार्जरला लागतो."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, साखरेच्या डब्याकडे पाहिलं आणि चमचाभर साखर पुन्हा घातली. चहा फार गोड झाला होता. दोघांनी तो पिऊन टाकला. खरं सांगायची संधी होती, ती दोघांनीही चहाबरोबर गिळली.

*

शुक्रवारी दवाखाना बंद करून डॉक्टर आले. उद्या गाडी दुसरीकडे जाणार, तर एकदा बघावी म्हणून. त्यांचा पांढरा डगला अंगावरच होता आणि वरच्या खिशात दात तपासायची बारीक वाकडी सळई, आरसा आणि चिमटा होता.

"मला दाखवा तर तुमची ती चहाडखोर," ते म्हणाले.

"तिचा प्रश्न नाही," मास्तर म्हणाले आणि खिशाकडे हात नेला.

"असू दे हो. रुग्ण म्हणतो वरची दाढ दुखते, असते खालची. मी सगळ्याच बघतो. सवय आहे." त्यांनी रेग्युलेटरवरून नळी ओढून काढली, आरसा धरला, आणि जन्मभर अनोळखी तोंडांत घातली तशी ती सळई नळीच्या तोंडात घातली.

टक.

"आत काहीतरी आहे," डॉक्टर म्हणाले. "कडक. कीड नाही."

"रबर वळलं असेल."

"रबर मला कळतं." त्यांनी चिमटा घेतला, नळी मागून दाबत दाबत आणली, आणि बोटभर आतून एक वस्तू टुपकन बाहेर येऊन त्यांच्या हातावर पडली.

स्टीलचा छर्रा.

वायरमनने हातातली पक्कड खाली ठेवली. मास्तरांनी सावकाश खिशाचं बटण काढलं, दोन बोटं आत घातली. छर्रा तिथेही होता. त्यांनी तो काढून डॉक्टरांच्या हातावरच्या छर्‍याशेजारी ठेवला. आकाराने सारखे. दोन्ही चकचकीत.

एकतीस वर्षांत त्यांच्याजवळ एका वेळी दोन छर्रे कधी नव्हते.

"तुमच्याकडे जोडी असते होय?" डॉक्टर म्हणाले.

मास्तरांना तो दिवस आता स्पष्ट दिसला. छर्रा नळीत. दाब तीनवर. तेवढ्यात तोंडावर दिवा आणि "आ करा". मग दाढ, मग दाढेवर दहा मिनिटं व्याख्यान. मग वळून नळी उचलली आणि रेग्युलेटरवर दाबून बसवली. रेग्युलेटरच्या टोकाने छर्रा आणखी आत ढकलला, दिसेनासा केला. चहाडखोर नळीच्या तोंडात बोळा बसला होता आणि ती बिचारी चार दिवस आतल्या आत ओरडत होती. हे सगळं समजलं. पण मग खिशात काय होतं?

खिसा रिकामा असायला हवा होता. रिकामा असता तर दुसऱ्या सकाळीच कळलं असतं.

डॉक्टरांनी नळी परत लावली. गाडी सुरू केल्याबरोबर काटा तीनच्या खाली उतरला. गाडी जागेवर उभी असताना इंजिनात हवा कमी जाते, तेव्हा तो तसाच उतरायला हवा. सगळ्यांनी मास्तरांच्या पाठीवर थापा मारल्या. मास्तर दोन्ही छर्रे मुठीत धरून उभे होते आणि लहान मुलाला गर्दीत सोडलं तर ते जसं बघतं तसे बघत होते.

*

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही छर्रे बशीत ठेवले. ते बशीत गोल फिरले, एकमेकांवर आपटले आणि थांबले. बायको कणभर दचकली.

"सापडला?" ती म्हणाली. "कुठं होता? मशीनमध्ये?"

"कुठल्या मशीनमध्ये?"

"धुण्याच्या."

"डॉक्टरांच्या गाडीत होता. मशीनचा काय संबंध?"

तिने हात पुसले. मग आतल्या खोलीत गेली आणि शिवणकामाचा पत्र्याचा डबा घेऊन आली. रिळांच्या खाली, बटणांच्या खाली, सायकलच्या दुकानातली एक कागदी पुडी होती. ती तिने टेबलावर उलटी केली. पाच छर्रे निघाले.

"बारा होते," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी आणले."

मास्तर खुर्चीवर बसले.

"एक दिवस खिशात हात घातला तर छर्रा नाही. म्हटलं, आत्ताच काढला आणि कुठं ठेवला बाई? अख्खं घर शोधलं. मशीनची खालची नळी सोडवली. मग मशीनवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, वहिनी, मशीन मोजे खातं, छर्रे नाही खात. म्हणजे मीच हरवला. तुमच्या थोरल्या मालकांचा. सायकलवाल्याकडे गेले, त्याने मापाचा दिला. फार चमकत होता, म्हणून नखं घासायच्या कानशीनं घासून मळकट केला."

"घासून?"

"पहिला घासला. नंतरचे नाही घासले. तुम्हाला कळत नाही हे कळलं होतं."

मास्तरांना छर्रा अधूनमधून उजळल्यासारखा वाटायचा. बायको आपल्या वस्तू स्वच्छ ठेवते, असं त्यांनी मनाशी नोंदवून ठेवलं होतं.

"परत हरवला. परत ठेवला. दर वेळी वाटायचं, मी काढला आणि विसरले. दादांसारखं. तुम्हाला कशाला सांगू? चार वर्षं दादांचं केलं आपण. पुन्हा माझं करत बसला असता." ती बशीकडे बघत होती. "रोज रात्री गॅस दोनदा बघते मी. साखर दोनदा घालते."

मास्तरांनी पुडीतले पाच बाजूला सारले. बारातून पाच गेले, सात.

दोन वर्षांत सात वेळा खिसा रिकामा आला होता. सात वेळा ती घाबरली होती आणि तिने खिसा भरून ठेवला होता. सात वेळा त्यांनी सकाळी बशीतून छर्रा उचलून खिशात टाकला होता आणि नळी मोकळी आहे असं धरून हात धुतले होते. साध्या गाडीत नळी बंद राहिली तर विशेष काही होत नाही. गाडी थोडं जास्त पेट्रोल पिते, थोडा जास्त धूर सोडते. मालक म्हणतो, पेट्रोल हल्ली चांगलं येत नाही. तक्रार येत नाही. हवा कोंबणारी गाडी आयुष्यात पहिल्यांदा हाती आली, म्हणून हे उघडकीला आलं.

डॉक्टरांच्या वेळी निदान "आ करा" तरी होतं. बाकीच्या सहांना कोणी दिवा दाखवला होता?

"तू काही हरवलं नाहीस," मास्तर म्हणाले. "एकदाही नाही. सगळे मीच गाड्यांत सोडले."

तिला बरं वाटायला हवं होतं. दोन वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरलं होतं. पण ते कुणाच्या डोक्यावर गेलं हे समोर दिसत होतं, आणि तिला ते त्यांच्या डोक्यावर ठेवायचं नव्हतं.

"एवढ्या वर्षांत सातच ना," ती म्हणाली.

"दोन वर्षांत सात."

"मग एकोणीस सक्के किती?"

मास्तरांनी मान वर केली. तिला कधीपासून माहीत होतं?

"चौदाशे... एकशे चौदा," ते म्हणाले.

"बरोबर आहे बहुतेक," ती म्हणाली. "मला कुठे येतोय?"

*

शनिवारी डॉक्टर चढ चढले. काटा साडेतीनवर गेला आणि तिथे थांबला. डॉक्टर मेहुण्याच्या दारासमोरून दोनदा जोरात गेले. मेहुणा गावाला गेला होता.

मास्तर ताईसमोर उभे राहिले. खुर्ची होती, तरी उभेच. सगळं सांगितलं, बायकोच्या पुडीसकट.

"मास्तर, गाडी झाली ना? कुणाची तक्रार नाही. झालं ते झालं."

"सहा गाड्या फिरतायत, ताई."

"कुठल्या सहा?"

"तेच तर माहीत नाही. दोन वर्षांच्या सगळ्या बघाव्या लागतील. वहीत एकशे त्रेचाळीस आहेत."

"आणि फोन करून सांगायचं काय? आमचा माणूस विसरला?"

"हो."

ताईने पेन टेबलावर दोन-तीनदा आपटलं. थोरले मालक विचार करताना असंच करायचे. "फोन काउंटरवर आहे," ती शेवटी म्हणाली.

अशा रीतीने ज्या काउंटरला ते घाबरत होते, तिथे मास्तर स्वतःच्या पायांनी जाऊन बसले. पंखा खरोखरच चांगला होता. सकाळी फोन, दुपारी बॉनेटं. "तुमच्या गाडीत आमची एक वस्तू राहिली आहे का ते बघायचंय," एवढंच ते सांगत. एक बाई म्हणाल्या, छत्री असेल तर ती माझी आहे. एक गृहस्थ दोन वर्षांपासून हरवलेल्या चष्म्याची आशा घेऊन आले. मास्तर प्रत्येकाची नळी काढत, मागून चिमटत, काही निघालं नाही की "मोकळी आहे, माफ करा" म्हणत, आणि लोक माफ कशाबद्दल करायचं ते न कळून मान हलवत घरी जात.

इंधनाचं काम त्यांच्याकडेच राहिलं. पण छर्रा बंद झाला. बायकोने जुन्या लाल पडद्याची हातभर पट्टी कापून लाकडी खुंटीला शिवून दिली. खुंटी नळीत असली की पट्टी बॉनेटबाहेर लोंबकळायची, आंधळ्यालाही दिसावी अशी. शिवाय काम संपलं की वायरमन यायचा, वाकून बघायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "उघडी!" पहिल्या दिवशी मास्तरांनी तेव्हा दुसरीकडे पाहिलं. नंतर नंतर तेच त्याला हाक मारू लागले.

चार महिन्यांत पाच छर्रे निघाले. एक भाजीच्या टेम्पोतून, दोन एकाच कुटुंबाच्या दोन गाड्यांतून. पाचही सायकलवाल्याचे. डॉक्टरांचा धरून सहा. थोरल्या मालकांनी हातावर ठेवलेला तो निघाला नाही.

"सातवा?" बायकोने त्या संध्याकाळी विचारलं. गेले चार महिने ती रोज विचारायची.

"शेवटची गाडी आज कळली. गेल्या वर्षीच भंगारात गेली. दाबून वडी केली म्हणे."

"मग तीत कशावरून असेल? पहिला तर होता तो. तो मीच हरवला असेन. खिसा बघितल्याचं मला आठवतच नाही नीट."

"नाही. माझाच आहे. गाडीत राहिला."

"तुमचे सहा झाले की," ती म्हणाली. "एक माझा असू दे."

मास्तरांनी विचार केला. ही गोष्ट तपासून बघायला आता गाडी उरली नव्हती आणि गेजही नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "एक तुझा."

तिने सहा छर्रे पुडीत टाकले, पुडी बटणांच्या खाली ठेवली. बशी पुसून खिडकीत ठेवली. मग खुंटीवरचा त्यांचा शर्ट काढला, डाव्या खिशाचं बटण काढून दोन बोटं आत घातली, तळापर्यंत. काही नव्हतं. तिने बटण परत लावलं आणि शर्ट मशीनमध्ये टाकला.